बंद विहीर काय सांगते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात बाळकुम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ईदच्या सुटीत आखातातून घरी आलेले एक पालक मागे शाळेत मुलाची चौकशी करायला आले होते. तिकडे तेलविहिरींवर ते हेल्पर म्हणून काम करतात. बोलता बोलता म्हणाले, "सर, आमच्याकडे एक गंमत पाहिली. चांगली वाहती विहीर, रोज तेल देणारी. साहेब लोकांनी ती बंद केली, तारेला बांधून एक नळकांडे खाली सोडले आणि तीन दिवस नुसते बसून राहिले. तेल बंद, पगार चालू! चौथ्या दिवशी नळकांडे वर काढले, आकडे घेतले आणि निघून गेले. एवढे नुकसान सोसून ते पाहत तरी काय होते?"

मला उत्तर देता आले नाही. मी बी. ए., बी. एड., भूगोल शिकवणारा माणूस. खनिज तेलाचा धडा दर वर्षी शिकवतो, नकाशात क्षेत्रे दाखवतो. पण चालती विहीर मुद्दाम बंद का ठेवतात हे मला ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाच्या मागे लागून, गणिताच्या सहकारी शिक्षकांकडे बसून जे समजले, ते आज सोप्या शब्दांत आपल्यापुढे मांडणार आहे.

हा विषय या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारील. आपल्या कोकणी मुसलमान समाजातील कितीतरी कुटुंबांची जुनी पिढी जहाजांवर खलाशी होती. १९७० नंतर आखाताची वाट उघडली. भिवंडी, कल्याण, मुंब्रा, ठाणे आणि खाली रायगड-रत्नागिरीपर्यंत कितीतरी घरे त्या कमाईवर पक्की झाली. मुलींची लग्ने झाली, मशिदींना आणि शाळांना देणग्या मिळाल्या. ज्या विहिरीने आपल्याला पोसले, ती विहीर मोजणारा माणूस मात्र आपल्यातून फारसा निघाला नाही. आपण तार धरली. तारेच्या टोकाला काय आहे ते वाचणारा दुसराच होता. ही खंत मनात ठेवून मी बोलतो आहे.

प्रथम आपल्या ओळखीच्या विहिरीकडे वळू. ठाणे जिल्ह्याची जमीन म्हणजे दक्खनचा काळा कातळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरला, थिजला आणि त्याचे थर झाले. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. सलग कातळात पाणी नसते. ते असते फुटलेल्या, झिजलेल्या भागात आणि भेगांत. म्हणून एक विहीर बारमाही असते, तर शेजारची मार्चमध्येच तळ दाखवते. विहिरीचा उपसा करावा, मग थांबावे आणि पाणी किती वेळात किती चढते ते पाहावे, ही जाणत्यांची रीत आहे. भरलेली विहीर पाहून काहीच कळत नाही. उपसून थांबल्यावर ती बोलू लागते.

आपल्यापैकी जे हज-उमरा करून आले आहेत, त्यांनी ज्या विहिरीचे पाणी आणले तिचीही रचना अशीच आहे. जमजमची विहीर सुमारे ३० मीटर खोल. वरचा जवळजवळ अर्धा भाग मक्केच्या खोऱ्यात साचलेल्या वाळू-गाळाचा, खालचा भाग कठीण खडकाचा, आणि त्या खडकात भेगा. म्हणजे एकाच विहिरीत दोन जातींचे थर आणि भेगांतून येणारे पाणी. सौदी अरेबियाच्या भूवैज्ञानिक खात्याने तिच्यासाठी स्वतंत्र अभ्यासकेंद्र ठेवले असून पाण्याच्या पातळीवर तेथून लक्ष ठेवले जाते. आपल्या श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही. उलट, ज्या विहिरीवर आपले प्रेम आहे तिची निगा मोजमाप करूनच राखता येते.

आता तेलाकडे येऊ. पुष्कळांची समजूत असते की जमिनीखाली तेलाचे तळे असते. तसे नाही. पाण्यात भिजलेली वीट डोळ्यांपुढे आणा. वीट कोरडी दिसते, पण तिच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असते. तेल असेच खडकाच्या छिद्रांत दडलेले असते आणि वरच्या ओझ्यामुळे, आजूबाजूच्या पाण्या-वायूमुळे दाबाखाली असते. विहीर खणली की दाब कमी झालेल्या त्या जागेकडे तेल झिरपत येते. दाब हीच तेलसाठ्याची ताकद. तेल शिल्लक असूनही दाब गेला, तर विहीर मुकी होते.

ज्या खडकातून द्रव सहज झिरपतो त्याची पार्यता जास्त. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना वाळूतून पाणी झिरपण्याचा नियम मांडला. आज तेलाच्या जगात पार्यता त्याच्याच नावाने, मिलिडार्सीत मोजतात. पुढे १९३५ साली थाईस या अमेरिकन शास्त्रज्ञाने पाण्याच्या विहिरीची पातळी उपशाबरोबर कशी उतरते याचे गणित बसवले. १९५१ साली हॉर्नर याने बंद केलेल्या तेलविहिरीतील दाब कसा चढतो, हे आलेखावर सरळ रेषेत मांडून दाखवले. म्हणजे पाण्याच्या विहिरीचे शास्त्र आणि तेलाच्या विहिरीचे शास्त्र ही सख्खी भावंडे आहेत.

तर ते तारेला बांधलेले नळकांडे म्हणजे दाब मोजणारे यंत्र. विहीर वाहत असताना तिच्या तळाचा दाब उतरलेला असतो. झडप बंद केली की दूरवरचे तेल विहिरीकडे सरकत राहते आणि दाब चढू लागतो. पहिल्या काही मिनिटांत किंवा तासांत जे दिसते ते बहुतेक विहिरीच्या नळीचेच असते, कारण नळी भरत असते. त्यानंतर जवळचा खडक बोलतो. त्यानंतर दूरचा. जितके जास्त थांबाल तितके लांबचे ऐकू येते. साधा एकजिनसी खडक असेल तर एका ठरावीक टप्प्यानंतर दाब मोठ्या शिस्तीने चढतो: १ तासापासून १० तासांपर्यंत जेवढा चढला, साधारण तेवढाच १० पासून १०० तासांपर्यंत. हे साध्या आलेखकागदावर नीट दिसत नाही, लॉगरिदमच्या कागदावर सरळ रेष होऊन उभे राहते. त्या रेषेच्या चढावरून पार्यता कळते, आणि रेष पुढे वाढवली की साठ्याचा मूळ दाब किती उरला ते कळते. तीन दिवसांच्या "नुकसानीत" त्या साहेबांनी कमावले ते हे.

परंतु निसर्ग एकजिनसी खडक क्वचितच देतो. आपल्या दारातलेच उदाहरण घ्या. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर, भर समुद्रात मुंबई हाय आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या तेलखोदाईच्या फलाटाने तेथे तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकण्यात आला. तेथील मुख्य साठा एल-३ या नावाने ओळखला जातो. तो चुनखडकाचा आहे. पण एक अखंड खडक नव्हे. चुनखडकाचे अनेक थर, आणि त्यांच्या मध्ये चिकणमातीच्या खडकाचे पातळ पापुद्रे. जणू साटोरीचे पदर. विहीर या साऱ्या पदरांतून खाली जाते आणि एकाच नळीतून अनेक थरांचे तेल एकत्र वर येते. नळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या थराने किती दिले ते दिसत नाही.

मुलांनो, येथे वही-पेन्सिल काढा. समजा, एका विहिरीला दोनच थर आहेत. वरचा थर २ मीटर जाडीचा, पार्यता ५० मिलिडार्सी. खालचा १० मीटर जाडीचा, पार्यता फक्त २ मिलिडार्सी. छिद्रांचे प्रमाण दोघांचे सारखे. जाडी गुणिले पार्यता केली की थराची वाहून नेण्याची शक्ती मिळते. वरच्याची १००, खालच्याची २०, एकूण १२०. एकूण जाडी १२ मीटर, म्हणून सरासरी पार्यता आली १०.

आता दोन गोष्टी पाहा. एक: ही १० पार्यता या विहिरीतल्या कोणत्याच थराची नाही. एकाची ५०, दुसऱ्याची २. दहाचा धनी कोणीच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सुरुवातीला विहिरीत येणाऱ्या तेलापैकी ६ भागांतले ५ भाग वरचा पातळ थर देतो. पण साठवलेल्या तेलापैकी ६ भागांतले ५ भाग खालच्या जाड थरात आहेत. जो जास्त देतो त्याच्याजवळ थोडे आहे. ज्याच्याजवळ जास्त आहे तो हळू देतो.

विहीर भरभरून वाहते तेव्हा मालक खूश असतो. पण वरचा थर लवकर दाब हरवतो. मग विहीर बंद करून पाहिली, तर आणखी चमत्कार दिसतो. खालच्या थराचा दाब अजून टिकून असतो, वरच्याचा उतरलेला असतो. झडप बंद असल्यामुळे तेल वर येऊ शकत नाही. ते नळीतल्या नळीत खालच्या थरातून निघून वरच्या रित्या थरात शिरू लागते. त्या काळात दाबाचा चढ मंदावतो, रेष आडवी होऊ पाहते. उतावळा माणूस म्हणतो, झाले, दाब पूर्ण चढला. तो आकडा घेतो आणि निघतो. धीराचा माणूस थांबतो. कारण त्याला माहीत असते की थर आपसांत हिशेब मिटवत आहेत आणि दाब पुढे पुन्हा चढेल. लेफकोविट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली या थरांच्या विहिरींचे गणित प्रसिद्ध केले. त्याचे सार असे, की एकजिनसी साठा जेवढ्या वेळात आपले खरे रूप दाखवतो, त्याहून कितीतरी अधिक वेळ थरांच्या साठ्याला द्यावा लागतो.

आता भेगांचे प्रकरण. खालच्या कंजूष थराकडून तेल घ्यायचे कसे? विहिरीतून प्रचंड दाबाने द्रव रेटतात, खडकाला उभी भेग पाडतात आणि ती मिटू नये म्हणून तीत वाळू भरतात. १९४७ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यात याचा पहिला प्रयोग झाला आणि १९४९ पासून तो धंद्यात आला. चुनखडकात अॅसिड सोडूनही वाटा मोकळ्या करतात. गुजरातेत कलोलच्या बाजूला घट्ट, हळू झिरपणारे थर आहेत. अशा जागी भेग पाडल्याशिवाय विहीर परवडत नाही.

भेग पाडली, पण ती किती लांब गेली? हजार-दोन हजार मीटर खाली कोण पाहणार! पुन्हा तेच नळकांडे आणि तोच धीर. भेग असलेल्या विहिरीत तेल चहूबाजूंनी गोल न येता प्रथम भेगेच्या दोन्ही अंगांनी सरळ येते, जसे शेतातले पाणी बाजूच्या पाटात उतरते. तेव्हा दाबाचा बदल वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे होतो: वेळ चौपट, तर बदल दुप्पट. भेग अरुंद असेल, तीत वाळू दाटली असेल आणि भेगेतूनच तेलाला वाट कठीण असेल, तर बदल आणखी मंद: वेळ १६ पट व्हावी तेव्हा बदल दुप्पट. दोन्ही अंगांना लॉगरिदमची आखणी असलेल्या कागदावर पहिल्याची रेष अर्ध्या चढाची, दुसरीची पाव चढाची. नुसत्या रेषेचा कल पाहून जाणकार सांगतो की भेग मोकळी आहे की चोंदलेली, आणि पुढे हिशेब करून तिची लांबी काढतो.

१९७४ साली, म्हणजे मुंबई हायचा शोध लागला त्याच वर्षी, ग्रिंगार्टन, रॅमी आणि राघवन या तिघांनी भेग पाडलेल्या विहिरीचे गणित प्रसिद्ध केले. १९७८ साली सिंको आणि सामानिएगो यांनी चोंदलेल्या भेगेचे गणित दिले. त्यानंतरच्या दशकात राघवन आणि त्यांचे सहकारी सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळले: थरही अनेक, आणि भेगही त्या सर्वांतून गेलेली. हे राजगोपाल राघवन भारतीय वंशाचे आहेत, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

या अवघड प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. भेग प्रत्येक थरात सारखी जात नाही. एका थरात लांब, दुसऱ्यात आखूड. विहिरीच्या तळाशी यंत्र मात्र एक आणि दाबाची रेष एक. त्या रेषेवरून आपण जी "भेगेची लांबी" काढतो ती सर्व थरांची मिळून येणारी सरासरी असते, आणि तीत सहज वाहणाऱ्या थराचे वजन अधिक पडते. आपल्या उदाहरणात वरच्या थरात भेग लांब गेली आणि खालच्यात आखूडच राहिली, तरी उत्तर चांगले येईल. कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी! प्रत्यक्षात ज्या थरासाठी भेग पाडली तो तसाच बंद राहिला. म्हणून जाणकार एका रेषेवर विसंबत नाहीत. छोटी पंखडी लावलेले यंत्र तारेवरून खाली सोडून प्रत्येक थरापाशी किती प्रवाह आहे ते वेगळे मोजतात आणि मग दोन्ही हिशेब ताडून पाहतात.

हे सारे काटेकोरपण कशासाठी? मुंबई हायचाच इतिहास त्याचे उत्तर देतो. १९८९ च्या सुमारास तेथील उत्पादन शिगेला पोहोचले होते. सारा देश त्या तेलावर खूश होता. पण जोराने उपसलेल्या भागांत दाब उतरू लागला, तेलाबरोबर वायू अधिक येऊ लागला आणि कित्येक विहिरी थांबवाव्या लागल्या. १९८९-९० साली देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन सुमारे ३ कोटी ४० लाख टन होते. १९९२-९३ साली ते सुमारे २ कोटी ७० लाख टनांवर आले. दाब सावरण्यासाठी खडकात समुद्राचे पाणी रेटण्याचे काम वाढवावे लागले आणि २००० नंतर कोट्यवधी रुपये खर्चून क्षेत्राच्या पुनर्विकासाच्या योजना घ्याव्या लागल्या. त्या क्षेत्राला ५० वर्षे होऊन गेली तरी तेथे तेल निघतेच आहे. जे उरले आहे ते मुख्यतः हळू देणाऱ्या पदरांतले आणि मागे राहिलेल्या कोपऱ्यांतले. ते काढायचे तर विहिरीची नाडी ओळखणारी माणसे लागणार.

पालकांनो, ही माणसे कोठून येणार? आपल्याकडे दहावी झालेला मुलगा घरात असतो आणि मामाकडून व्हिसाचा निरोप येतो. महिन्याला लगेच पैसे दिसतात. मी कोणाच्या गरजेला नावे ठेवत नाही; चूल पेटलीच पाहिजे. पण ज्याला शक्य आहे त्याने मघाचे गणित आठवावे. दहावीनंतर लगेच मिळणारी कमाई हा वरचा पातळ थर आहे. तो पहिल्या दिवसापासून भरभर देतो आणि चाळिशीत, पाठ दुखू लागली की, रिता होतो. शिक्षण हा खालचा जाड थर. चार-पाच वर्षे तो काहीच देत नाही असे वाटते. खरा साठा मात्र तेथे असतो.

आणि मुलांच्या परीक्षेचेही तेच. एका चाचणीचा एक आकडा म्हणजे सरासरी. ५० टक्के मिळवणारा मुलगा गणितात ८० चा आणि भाषेत २० चा असू शकतो. सरासरी पाहून "याच्यात काही नाही" म्हणू नका. थर वेगळे करून पाहा आणि वेळ द्या. आपल्याकडे सब्र म्हणतात तो हात जोडून बसणे नव्हे. झडप बंद करून, नजर आकड्यांवर ठेवून वाट पाहणे, हाही सब्रच आहे.

वाटा बंद नाहीत. धनबादची संस्था १९२६ पासून आहे. तेथे पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवतात. पुण्यात एम. आय. टी. मध्ये हा विषय आहे. ओ. एन. जी. सी. ची तेलसाठ्यांचा अभ्यास करणारी संस्था १९७८ पासून अहमदाबादेत आहे. आपल्या मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक महाविद्यालय आहे, पनवेलला काळसेकर संकुल आहे. तेथून यांत्रिकी किंवा दुसऱ्या शाखेचा पाया घालूनही या क्षेत्रात जाता येते. आणि भगिनींनो, दाबाच्या रेषा वाचण्याचे काम समुद्रातल्या फलाटावर नव्हे, तर जमिनीवर, संगणकापुढे बसून होते. आपल्या मुली गणितात कमी नाहीत. त्यांच्यासाठी हे दार मुलांइतकेच उघडे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम सांगतो. येत्या उन्हाळ्यात, घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, पंप बसवलेली एखादी विहीर निवडा. पंप बंद झाल्याबरोबर खुणा केलेली दोरी सोडा आणि पाणी किती चढले ते १, २, ४, ८, १६, ३२ मिनिटांनी वहीत लिहा. कठड्याबाहेर राहून, वाकू नका. मग तो आलेख काढून माझ्याकडे आणा. रेष सरळ आली नाही तर घाबरू नका. ती कोठे वळली, ते पाहा. तिथे खाली काहीतरी आहे.

ते पालक पुढच्या सुटीत आले तेव्हा मी त्यांना हे सारे समजावून सांगितले. ऐकून घेतल्यावर थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सर, ते बसून नव्हते. काम चालू होते." आणि जाताना विचारले, "माझ्या मुलाला अकरावीला गणित झेपेल का?"

मी म्हटले, एका चाचणीवरून सांगणार नाही. दोन वर्षे द्या.